बटण, बटण, बटण

उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते
आणि कुठल्याशा नियमाच्या चौकटीत
एक खूण करायची राहिली म्हणून
गुंतिसने विझ्माबाईंना बोलावलं.
रीगातला नोव्हेंबर. दौगावा नदीवर शिशाच्या रंगाचं धुकं.
चौथ्या मजल्यावर आम्ही सहा जण,
पेन्शनच्या नव्या अर्जाचे शिल्पकार,
आणि केक आधीच मागवलेला.

त्यांनी काठीची घडी मांडीवर ठेवली,
पडद्याकडे जवळजवळ पाठच केली,
तोंड खिडकीकडे, बोटं कळफलकावर.
म्हणाल्या, आवाज मोठा करते, तुम्हीही ऐका.
आणि यंत्र बोलू लागलं, भरधाव,
लिलाव पुकारल्यासारखं:
बटण.
बटण.
चित्र चारशे बारा.
बटण.
दुवा. दुवा. येथे क्लिक करा.
बटण.

ते माझं काम होतं.
ती बटणं मी घासूनपुसून गोल केली होती,
त्यांच्याखाली हिरवट सावली पाडायला
दोन दिवस घालवले होते.
नाव द्यायचं तेवढं राहिलं.
बारसं न झालेली माझी पोरं
रांगेत उभी राहून एकच ओ देत होती.

'यातलं पैसे देणारं कुठलं?' त्यांनी विचारलं,
'आणि माझा अर्ज कायमचा पुसणारं?'
कोणी हसलं नाही. मग त्या स्वतःच हसल्या.

मी म्हटलं, लगेच करतो, एक ओळ तर आहे.
खरंच एकच ओळ.
पण तिच्याखाली दुसरी निघाली, दुसरीखाली तिसरी.
तारखेचा तक्ता माऊसशिवाय कुणाला ओळखत नव्हता.
चुकलेला रकाना लाल व्हायचा, नुसता लाल,
काय चुकलं ते तोंडाने सांगायचा नाही.
आणि दहा मिनिटांनी प्रणाली आपोआप बाहेर काढायची,
'आपल्या सुरक्षिततेसाठी'.
तो नम्र मजकूरही माझाच.

दहा मिनिटं.
दुपारी इल्गवार्स आले. लीपाया बंदरात क्रेन चालवायचे,
आता हात थरथरतात.
उजव्या हाताचं एक बोट डाव्या मुठीत धरून
ते पत्त्यापर्यंत पोचले
आणि नम्र मजकूर आला.
बोलले काही नाहीत. पहिल्या रकान्यापासून पुन्हा.
तिसऱ्यांदा मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

गुंतिस म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू.
म्हणजे वरात पुढे जाऊ दे,
घोड्याला खरारा मागून करू.

विझ्माबाई पिशवीतला काळा पाव कापत होत्या.
'एकदा पिठात मीठ घालायचं विसरले,' त्या म्हणाल्या,
'मग वरून भुरभुरलं.
खाल्ला आम्ही. पण घासाघासाला कळत होतं
की मीठ नंतर आलंय.'
आणि गुंतिसपुढे एक तुकडा धरला, अंदाजाने,
थोडा डावीकडे. त्याने वाकून घेतला.

तो वरच्या मजल्यावर काय बोलला, मला माहीत नाही.
खाली आला, उभ्याउभ्या केक खाल्ला,
आणि फळ्यावरची तारीख पुसली.

अकरा आठवडे लागले.
पाया पुन्हा खणल्यासारखं सगळं उपसलं.
त्या दोघांना पगारावर घेतलं, खूण करण्यापुरतं नव्हे.
मी पडदा बंद करून,
खिडकीकडे तोंड करून माझंच काम ऐकायला शिकलो
आणि दर वेळी ओशाळलो.

फेब्रुवारीतल्या एका रात्रीची नोंद आहे:
इल्गवार्स यांचा अर्ज, सत्तेचाळीस मिनिटं.
सत्तेचाळीस मिनिटं
कुणी त्यांना बाहेर काढलं नाही.

सातव्या रकान्यात अजून काहीतरी अडतंय.
विझ्माबाईंचा कालच फोन आला होता.