झिरो बघा

रात्री बाराला भाव उतरला.
सकाळी जिंतूर रोडच्या पंपावर
स्कुटीवाल्या बाईंनी रोजची शंभराची नोट दिली,
गाडी हलवून टाकीतला आवाज ऐकला,
म्हणल्या, आज जरा जड वाजतंय.

बियाणीशेठ रॉड टाकून
जमिनीखालची टाकी मोजत होते.
बारा हजार लिटर, सगळं कालच्या भावाचं.
चहा सांगितला, पिला नाही.

ॲपेवाला शेषेराव फुल करून गेला.
भाडं? भाडं तेच.
"चढायला पायऱ्या असत्यात," म्हणला,
"उतरायचं कुणी बांधून ठिवलंय?"

दुपारी मुबीन आला, वेल्डिंगवाला,
मामाची व्हॅन घेऊन.
आधी सावलीत उभा राहिला बराच वेळ.
थोरला भाऊ कुवेतला, तेलाच्या कंपनीत.
तेल पडलं तशी त्यांनी माणसं कमी केली.
त्याच्या पैशावर वरच्या मजल्याचे कॉलम झालेत,
सळया आभाळाकडं बघत उभ्या.
आईला अजून सांगितलं नाही.

"हैदराबादला उतरतोय उद्या.
आणायला जायचंय.
जाऊन येऊन चार पैशे वाचतील आता,"
म्हणला अन् हसला,
हसणं मधीच थांबलं.

मी नोझल काढलं.
दिवसातनं पाचशेदा म्हणतो तेच म्हणलं,
"झिरो बघा."

त्यानं बघितला.
आकडे पळायला लागले,
तो तिथंच.