तिघांपुरते नियम

डुलुथ. जानेवारी.
बंदरातल्या बर्फावर लोक झोपड्या थाटून मासे धरतायत.
लोवेलच्या तळघरात कपडे वाळवायचं यंत्र गरगरतंय,
यंत्रावर पाच पुस्तकं थरथरतायत,
आणि टेबलाशी आम्ही तिघं.

एकेकाळी सहा होतो.
तेव्हा ते जाडजूड पुस्तक खपून जायचं:
एकाकडे ढाल, एकाकडे मलम,
कुलपं उघडायला वेगळा माणूस,
भांडायला सगळेच.
आता त्यातल्या पहिल्याच राक्षसाच्या
दाताखालीही पुरायचो नाही.

दुसरं काढलं. पात्र रचायलाच सव्वा तास.
नमनालाच घडाभर तेल!
माझ्या रानटी योद्ध्याला पोहता येतं की नाही
हे तक्त्यात शोधेस्तोवर
पिझ्झ्यावरचं चीज थिजून गेलं.

तिसऱ्यात देव आहेत, हाकेला धावणारे.
लोवेल म्हणाला, नको.
आपल्या गोष्टीत देव आलाच
तर बळी मागायला यावा.
आणि जादू महाग हवी, एका ठिणगीला एक दात,
किंवा आईचं नाव कायमचं विसरायचं.
चाळीस वर्षं खनिजाच्या बोटींवर इंजिनं सांभाळलेला माणूस,
फुकटच्या उजेडावर त्याचा विश्वास नाही.

आर्डिस रात्रपाळी करून आलेली, बूटही न काढलेली.
तिचा प्रश्न एकच: जखमेचं काय?
चौथ्यात लिहिलंय, रात्रभर झोपलं की भरते.
"असं? मग आमच्या तिसऱ्या मजल्यावर
पाठवून द्या हे पुस्तक."

तरी चौथंच घ्यायचं असं जवळजवळ ठरलं होतं.
नकाशे सुंदर होते, आणि एक सापांचं शहर.
फक्त प्रत्येक वाराला नऊ फासे.
लोवेलनं ओंजळीत घेतले,
ओंजळ हलली,
टाकायच्या आधीच
चार सांडले, दोन यंत्राखाली गेले.
तो वाकला नाही. आम्हीही लगेच वाकलो नाही.
यंत्र तेवढं गरगरत राहिलं.

मग आर्डिसनं पाचवं ओढलं,
अठ्ठावीस पानांचं, पिनेनं टाचलेलं.
म्हणाली, "याचे नियम सरस आहेत."
नाहीयेत. मी दोनदा वाचलंय,
घोड्यांबद्दल त्यात एक ओळ नाही.
पण एकच फासा, वीस पैलूंचा, आणि डावात एकदाच,
तोही कुणीही टाकावा.
आणि जखम? तिचा एक शब्द लिहायचा कागदावर
आणि तो खोडायचा नाही.

लोवेलनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काही बोलला नाही. चष्मा पुसला.
सुपाची बशी टेबलाच्या मध्ये सरकवली,
फासा पडायला.

"रात्र," तो म्हणाला, आवाज एकदम खाली नेऊन,
"तुम्ही दोघं तटावर आहात. खाली मशाली.
कुणीतरी तुमचा दोर कापतंय."

"किती कापलाय?" मी विचारलं.

"टाक."