समासात

तुर्भ्याच्या खाणीखालच्या एकशे बारा झोपड्या
मी निवडल्या तेव्हा सव्वीस वर्षांची होते,
पिशवीत विद्यापीठाचं पत्र, पायात नवी चप्पल.
घर क्रमांक सत्तेचाळीस. यल्लूबाई धोत्रे, वडार.
शिक्षण शून्य, सही अंगठा, पाणी तीन फर्लांगांवर.
ब्रासला किती मिळतात, विचारलं.
सुतकी खाली ठेवून ती म्हणाली, सांगते की,
पण आधी तू सांग, तुला किती?

अठराशे, म्हणाले,
आणि का कोण जाणे, पेन्सिलीनं समासात टिपून ठेवलं.

दर दहा वर्षांनी जात राहिले.
प्रश्नावली जाड होत गेली, माझे केस पातळ.
एकदा नळ आला दारात.
एकोणिसाव्या रकान्यात मी बरोबरची खूण केली
आणि परिषदेतल्या आलेखाची रेघ
त्या खुणेवर पाय देऊन वर चढली.
पाणी यायचं रात्री पावणेतीनला.
जागरणाला रकाना नव्हता.

मग खाण बंद पडली. खड्ड्यात हिरवं पाणी साठलं,
तिचा मल्लेश त्यात पोहायला उतरला.
घरातील माणसे: सहा खोडून पाच.
सून कोपरखैरण्यात चार घरची भांडी घासते.
नातू बारावी झाला, आता लोकांची जेवणं पाठीवर घेऊन
माझ्याच सेक्टरमध्ये येतो,
त्याच्यासाठी मागची लिफ्ट.
याला मी पुस्तकात ‘मर्यादित गतिशीलता’ म्हटलं.
पुस्तकाला शाल-श्रीफळ मिळालं.

आणि दर खेपेला ती विचारायचीच, आता किती गं तुला?
साडेसात हजार.
बत्तीस हजार.
चौथ्या खेपेला मी आकडा जरा कमी सांगितला.
ती माझ्या चपलांकडे बघून हसली.
पाचव्या खेपेला म्हणाले, आता नुसतं पेन्शन.
नुसतं म्हणजे किती, म्हणाली.

परवा खोकी उघडली.
एकशे बारांतली अठ्ठावन्न घरं गेली,
पाडापाडीत, गावाकडे, कुठे कुठे.
‘उत्तरदाता सापडला नाही’, माझंच अक्षर, सुवाच्य.
चाळीस वर्षांत खंड न पडलेली
एकच मालिका हाती लागली:
समासातले माझे पाच आकडे,
त्यातला एक खोटा.

तो खोडावा की राहू द्यावा
हे विचारायला सत्तेचाळीस नंबरला गेले.
दाराला कडी.
शेजारीण म्हणाली, रेशनवर गेलीय ओ,
दगड फोडून अंगठा गुळगुळीत झालाय तिचा,
मशीन घेत नाही. लागंल वेळ.
बसा.