पाणी माझ्याकडे, थेपले त्याच्याकडे

सकाळी सव्वासहाची एसटी, वडोदरा ते पावागड.
खिडकीची जागा हेरंबने मला दिली
आणि स्वतः तीन सीट मागे जाऊन बसला.
अख्ख्या वाटेत एकच बोलला:
"पाणी तुझ्या पिशवीत राहू दे,
थेपले मी घेतो."

कारेलीबागेतल्या फ्लॅटचं कोणी काढायचं नाही
हे न बोलताच ठरलेलं.
वहिनी म्हणाली होती, "जाऊन या बहीणभाऊ,
डोंगरावर हवा चांगली असते."
जणू प्रश्न हवेचा होता.

माचीला उतरलो तर
रविवार आमच्या आधी पोचलेला.
रोपवेची रांग नारळाच्या दुकानांना वळसे घालून
पुन्हा स्वतःच्याच शेपटीला येऊन मिळालेली.
"पायी जाऊ," मी म्हटलं.
"तुझा गुडघा," तो म्हणाला.
गुडघा आठवतो त्याला.
सही आठवत नाही.

पायऱ्या.
चुनऱ्या, चिक्की, प्लास्टिकच्या बंदुका,
सोडा फुटल्याचे आवाज,
आणि वाळूच्या गोणी वाहणारी गाढवं,
ज्यांना सगळे मुकाट वाट देतात.
एक आजोबा दर दहा पायऱ्यांना टेकत
नातवाला सांगत होते, "हवे आवीज गयुं."
आणि नातू दर दहा पायऱ्यांना
नव्याने विश्वास ठेवत होता.
कोपरापर्यंत मेंदी रंगलेली एक नवी नवरी
सँडल हातात धरून चढत होती,
नवरा चार पायऱ्या पुढे, व्हिडिओ काढत.

मग ती पोरांची टोळी आली,
कपाळाला लाल पट्ट्या, ढोल, "जय माताजी",
आमच्या मधून वर गेली, पुरासारखी.
ओसरली तेव्हा हेरंब नव्हता.

निळा शर्ट.
त्या दिवशी अर्ध्या गुजरातने निळा शर्ट घातला होता.
फोनला रेंज नाही. माझ्या पिशवीत दोन बाटल्या,
आणि त्याच्या घशाला काय,
तर लसणाची चटणी.

तो सहा वर्षांचा असताना
सुरसागरच्या पाळीवर माझ्या हातून सुटला होता.
गणपतीची गर्दी. मी रडून रडून लाल,
आणि हा एका फुगेवाल्यापाशी उभा, फुगे मोजत.
म्हणाला, "मी नव्हतो हरवलो. तू हरवली होतीस."
घरी मारही मीच खाल्ला.

दुधिया तळ्यापाशी थांबले. नाही.
वरच्या रांगेत पाऊण तास. नाही.
गाभाऱ्यासमोर मला तीन सेकंद मिळाले,
पोलीसबाईने खांदा धरून पुढे सारलं,
जे मागायचं होतं ते तोंडातच राहिलं.
बरंच झालं. नेमकं काय मागणार होते
ते मलाही माहीत नव्हतं.
कठड्यावरून खाली हालोलची धुराडी दिसत होती,
चांपानेरचे घुमट, पालथ्या वाट्या ठेवाव्यात तसे.
वडोदरा धुरक्यात कुठेतरी.
कारेलीबाग तर नाहीच.

दाहोदच्या एका बाईने पोरासाठी पाणी मागितलं.
एक बाटली दिली तिला.
दुसरी उघडली, दोन घोट घेतले, बंद केली.
पुन्हा उघडली.

उतरताना, चिक्कीच्या तिसऱ्या दुकानाच्या वळणावर
निळा शर्ट. ओठ हलत होते.
"चारशे बारा," मला बघून म्हणाला,
"एवढे उतरले. त्यात तू नव्हतीस."
"वर नाही गेलास?"
"तू कुठूनही गेलीस तरी इथूनच उतरणार ना."
मी बाटली पुढे केली. तळाशी चार बोटं पाणी.
त्याने डबा उघडला. दोन थेपले.
"छुंदा संपला," म्हणाला. "भूक लागली होती."
मी काही बोलले नाही.
पाण्याचं त्यानेही विचारलं नाही.

परतीच्या बसला एकच बाक उरला होता.
हालोलपर्यंत दोघंही समोरचा पत्रा बघत बसलो.
माझा गुडघा आता ठणकायला लागला होता,
ते मी सांगणार नव्हते.
"मी हरवलो नव्हतो," तो अचानक म्हणाला.
"माहीत आहे."
मग शेंगवाला चढला.
वीसची दोन पुडकी घेतली,
आणि दोघांकडेही सुट्टे नव्हते.