पात्र

वुहानमध्ये उतरले तेव्हा
शहरानं मला सात रात्री फुकट दिल्या.
पदवीचा कागद, मोबाईलवर एक हिरवा चौकोन,
आणि वरची खाट. चादर कोरी, घडीच्या रेघा तशाच.
खालच्या खाटेवर त्सेन.
तिची ही तिसरी फुकट खाट: आधी छांगशा, मग हफेई.
"शहरं सध्या आपल्याला मागणी घालताहेत," ती म्हणाली,
"पत्रिका जुळेपर्यंत जेवून घे."
सातव्या दिवशी ती शेनचेनला गेली.
माझ्या उशाशी अर्धा साबण.

खिडकी क्रमांक सहा.
वय चोवीस, पस्तिशीच्या आत. शिक्का.
विद्यापीठ यादीत आहे. शिक्का.
स्वतःच्या नावावर घर?
नाही, म्हणाले. काचेपलीकडची बाई
मान वर न करता हसली असावी.
भाडं बाजारापेक्षा कमी, तीन वर्षं.
त्यानंतर?
त्यानंतरचा रकाना अर्जात नव्हता.
"तुम्ही पात्र आहात."
तिच्या पाठीमागे नदी दिसत होती. हिवाळ्यात
यांगत्सेचं पात्रही असंच उघडं पडतं,
पाणी किती येईल ते कुणी लिहून देत नाही.

मार्चमध्ये बाबा आले, तिंगशीहून,
रात्रभर रेल्वेत बसून, अर्धं पोतं बटाटे घेऊन.
फाटकाला माझा चेहरा पाठ आहे. त्यांचा नाही.
टोपी काढून ते यंत्रासमोर ताठ उभे राहिले,
ओळखपत्राचा फोटो काढतात तसे.
यंत्र दोनदा म्हणालं, कृपया पुन्हा प्रयत्न करा.
शेवटी रखवालदारानं वही काढली:
लुआन शौथिएन. नातं: पाहुणा.

बाबांनी बावीस वर्षं फरश्या बसवल्या.
लानचौ, शिआन, एकदा इथंही, नदीपलीकडे,
पत्र्याच्या खोलीत आठ जण.
कुठल्या खिडकीत त्यांना कुणी काही विचारलं नाही.
त्यांनी माझी खोली पाहिली, अठ्ठावीस चौरस मीटर.
नळाचं गरम पाणी मनगटावर घेतलं.
तावदान उघडलं, लावलं.
मग गुडघ्यांवर बसून
मधल्या फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक केली,
डॉक्टर पाठीवर करतात तशी,
आणि कान खाली नेला.

काय झालं?
"खाली माल कमी भरलाय.
दोन हिवाळे काढेल."

मग उठले, गुडघे झटकले,
म्हणाले, बटाटे अंधारात ठेव,
उजेडात हिरवे पडतात.