बद्रियाबाईंची पोटं

मुहर्रकच्या आतल्या गल्लीत, टिपटिपणाऱ्या एसीखाली,
मी त्यांची पट्टी बदलते.
डावीकडे आता काही नाही. एक तिरकी शिवण,
गोधडीला घाईत घातलेल्या टाक्यांसारखी.
त्या आरशात बघत नाहीत,
ओल्या कॅनव्हासकडे बघतात.

चाळीस वर्षं या बाईने गलबतं रंगवली,
खिळ्यांचे दरवाजे, बँकांच्या भिंतींसाठी
हातभर समुद्र.
सत्तरीनंतर फक्त पोटं.
सुटलेली, ओघळलेली,
पाच बाळंतपणांची आणि दोन मुलांची,
बेंबीखालच्या रेघा
ओहोटीने पुळणीवर सोडून जाव्यात तशा.

गॅलरीचा माणूस येतो, खजूर खातो,
म्हणतो, वा, वाळूच्या टेकड्या!
बाई मान डोलावतात.
तो जिना उतरला की मला कोपराने ढोसतात
आणि आम्ही हसतो, शिवण दुखेपर्यंत.
(त्यांची. माझी आडवी आहे, अकरा वर्षांची,
थंडीत अजून खाजते.)

एकदा मोडक्या हिंदीत विचारलं,
तेरा दूध किधर गया?
रेवू साडेचार महिन्यांची, देवरुखात,
जाऊबाईंच्या मांडीवर बाटली चोखत होती.
मी इथे रात्रपाळीला
बेसिनवर वाकून पिळायची,
नळ मोठा सोडून.
आई फोनवर म्हणाली, मोगरा बांध, आटतं.
म्हटलं, या वाळवंटात कुठला मोगरा?
युनिफॉर्मखाली ओढणी आवळली, झालं.

बाई कितीतरी वेळ ब्रश पुसत राहिल्या.
रझगी, म्हणाल्या. मोगराच तो.
संध्याकाळी सिग्नलला माळा विकतात पोरं.
कुणाला विचारलं का नाहीस?

त्यानंतरचं चित्र अजून भिंतीला टेकून आहे.
डावी बाजू कोरी, नुसतं कापड.
उजवीकडे भरलेला स्तन,
त्यावर पांढऱ्या रंगाचे जाड थेंब,
कळ्या म्हणा, नाहीतर दुसरं काही.
पोट माझं आहे. शिवणीवरून ओळखलं.
विकायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी रेवूचा व्हिडिओ कॉल.
आई, तुझ्या मागे काय आहे गं?
फोन वळवला. गळा दाटला, म्हणून
तोंडाला येईल ते बोलले:
वाळू.

ती जवळ आली, इतकी,
की स्क्रीनभर नुसतं नाक.
खोटं, म्हणाली.
वाळूला बेंबी असते का?