झेंड्यांपासून पाच हात

उताणं पोहणाऱ्याला पुढचं कोणी दिसत नाही,
दिसतात ते मागे राहिलेले.
म्हणजे नऊ वर्षं सारोल्ता मला पाहत होती,
मी तिला नाही.
मला फक्त तिची लाट कळायची.
भिंतीला लागून परत फिरली
की माझ्या डाव्या कानात पाणी.

ती चोंग्रादची. बाप तिसा नदीवरच्या
तरंगत्या पुलाचा राखणदार.
बर्फ यायच्या आत पूल सोडवून काठाला ओढायचा,
थंडी सरली की पुन्हा जोडायचा.
त्यानं तिला पोहायला नाही शिकवलं. तरंगायला शिकवलं.
कमरेला दोर, दोराचं टोक पुलाच्या कडीला,
आणि एवढंच सांगणं:
बुडायचं असेल तर पाय सोड,
नसेल तर पोट वर ठेव.
जूनमध्ये नदी फुलते, म्हणजे लाखो माश्या
एका संध्याकाळपुरते पंख घेऊन वर येतात.
त्या तिच्या कपाळावर बसायच्या, ओठांवर बसायच्या.
डोळे मिटायचे नाहीत, ही बापाची अट.
हे तिनंच सांगितलं, सेगेदहून येताना, बसमध्ये,
खसखशीचा रोल मोडून अर्धा मला देत.
मोठा अर्धा तिनं ठेवला.

ओदोनकाकांकडे शिट्टी नव्हती,
जुन्या वॉर्टबुर्गचा हॉर्न होता.
जानेवारीत उघड्या तलावावर वाफ अशी दाटायची
की झेंड्यांची दोरीही हरवायची.
भिंतीच्या अलीकडे पाच मीटरवर ते तिकोनी झेंडे,
तिथून भिंत पाच हातांवर.
मी भीतीनं आधीच हात आखडता घ्यायचे,
माझे सहा व्हायचे.
तिचे पाच. एकदा तिनं चारच मारले,
डोक्याला तीन टाके पडले.
दुसऱ्या दिवशी टोपीखाली प्लास्टिकची पिशवी बांधून हजर.
घरी जा, काका म्हणाले.
तोवर ती पाण्यात होती.

सतराव्या वर्षी युरोपातलं सोनं, एकोणिसाव्या वर्षी पुन्हा.
चोंग्रादच्या बेकरीवाल्यानं तिच्या नावाचा पाव काढला,
खारट झाला, कोणी दुसऱ्यांदा घेतला नाही.
पेपरात तिचा फोटो,
खाली बारीक अक्षरांत बाकीच्यांच्या वेळा.
भिंग असेल तर मी सापडते.

मग तो मे महिना.
ताताच्या शिबिरात, जेवणघरात, घेवड्याचं सूप.
रेडिओवरचा माणूस उद्याचं हवामान सांगावं तसं म्हणाला,
ऑलिंपिकला आपला संघ जाणार नाही.
एकही चमचा थांबला नाही.
त्याची लाज मला अजून वाटते.
ती उठली, ताट धुतलं, जागेवर ठेवलं,
तलावावर गेली आणि एकटीच दोनशे मीटर पोहली,
जोरात, शेजारी कोणी असल्यासारखी.
ओदोनकाका खिडकीत उभे होते, हात कोटाच्या खिशात.
खिशात घड्याळ होतं.
ते दाबलं की नाही, मरेपर्यंत बोलले नाहीत.

चार वर्षांनी ती गेली.
खांदा तोवर तेल न घातलेल्या दारासारखा वाजत होता.
अंतिम शर्यतीत सातवी.
मला विमानतळावरूनच फोन:
"आयुष्यात पहिल्यांदाच अगं,
मागे एकच पोरगी दिसत होती.
तिच्याकडे बघून तू आठवलीस."
मी फोन ठेवला.
दोन वर्षं उचलला नाही.

आता दर गुरुवारी आम्ही गरम पाण्याच्या कुंडात
शेजारी शेजारी उताण्या.
तिची पदकं बटणांच्या डब्यात आहेत,
गेल्या नाताळात नातवानं एक कुत्र्याच्या गळ्यात बांधलं होतं.
इथे झेंडे नाहीत.
तरी काठ जवळ आला
की तिचा उजवा हात आपोआप डोक्यामागे जातो,
खांद्याच्या वरपर्यंत पोचत नाही,
तिथूनच परत येतो.

त्या दिवशी ताताला, मी विचारलं,
तुला काय वाटतं, किती वेळ लागला असेल?

तिचे कान पाण्यात होते.
ऐकू आलं असणार.